घरचा उद्योग : कोऱ्या चहाची पुरचुंडी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो. घरात शिवणयंत्र आहे, दुपारचे दोन तास मोकळे असतात, हाताला शिलाईचे वळण आहे. तर यातून चार पैसे मिळतील असे काय करावे? तयार कपड्यांच्या दुकानांपुढे घरच्या शिलाईचा निभाव लागत नाही, अशी खंतही त्याच पत्रांत असते. म्हणून या खेपेस एका अगदी लहान वस्तूविषयी लिहीत आहे. पुन्हा पुन्हा वापरता येणारी, सुती कापडाची चहाची पिशवी, ही ती वस्तू. ती तळहातावर मावते. परंतु तिच्यात शिवणकाम आहे, थोडे रसायन आहे, कायदा आहे, आणि मुख्य म्हणजे व्यापारातील एक पेच आहे. हा पेच आधी ध्यानात आला नाही, तर वर्षभराच्या मेहनतीनंतर कपाटात न खपलेल्या पिशव्यांचा ढीग तेवढा उरतो.

वस्तू तशी नवी नव्हे. काढा करताना सुंठ, मिरे, दालचिनी फडक्याच्या तुकड्यात बांधून पातेल्यात सोडण्याची रीत आपल्या घरांतून होतीच. त्या गाठोडीला आपण पुरचुंडी म्हणतो. पाश्चात्त्य देशांतही चहाची पिशवी प्रथम कापडाचीच होती. न्यूयॉर्कचा व्यापारी टॉमस सलिव्हन याने १९०८ च्या सुमारास चहाचे नमुने रेशमी पिशव्यांतून धाडले आणि गिऱ्हाइकांनी ते पिशवीसकटच गरम पाण्यात बुडवले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, अमेरिकेतील मिलवॉकी येथील रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरेन या दोन स्त्रियांना विरळ विणीच्या सुती कापडाच्या पिशवीचे एकस्व मिळाले होते. एका पेल्यापुरता चहा हवा असताना किटलीभर करून तो वाया का घालवावा, असा त्यांचा साधा गृहिणीचा हिशेब होता. गोष्ट मात्र सलिव्हनचीच झाली! पुढे कापडाच्या जागी कागद आला, आणि अलीकडे नायलॉन व तत्सम प्लास्टिकच्या जाळीदार पिशव्या आल्या.

या प्लास्टिकच्या पिशव्यांमुळेच कापडाकडे पुन्हा लक्ष वळले आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये असे प्रसिद्ध केले, की प्लास्टिकची एक पिशवी सुमारे ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवली असता अब्जावधी सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि असे कण पोटात गेल्याने नेमका काय अपाय होतो याचा निर्णय अद्याप लागलेला नाही. साध्या कागदी पिशव्यांतही कडा उष्णतेने चिकटाव्यात म्हणून पुष्कळदा प्लास्टिकचे तंतू मिसळलेले असतात. हे सर्व गिऱ्हाइकाला सांगण्यास हरकत नाही. मात्र अब्जांचे आकडे पाटीवर रंगवून लोकांना भिववणे आणि मग आपला माल पुढे करणे, हा मार्ग मला पसंत नाही. वस्तू आपल्या गुणावर विकली गेली पाहिजे.

तो गुण कोठे दिसतो आणि कोठे दिसत नाही, हे आधी पाहू. आपल्याकडील बहुतेक घरांत चहा पातेल्यात, दूध-साखर घालून, उकळून होतो. त्या चहाला ही पिशवी मुळीच उपयोगाची नाही. दुधातील स्निग्धांश कापडात मुरतो, दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो आणि आठवड्यात पिशवी फेकावी लागते. शिवाय या चहाची पूड दाणेदार किंवा अगदी बारीक असते. ती मलमलीच्या छिद्रांतून खुशाल बाहेर पडते. तेव्हा पिशवी आहे ती कोऱ्या चहासाठी. आसाम, दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानाचा चहा, गवती चहा, तुळस, सुंठ, काढ्याची द्रव्ये यांना ती उत्तम. विकताना हे स्पष्ट सांगावे. ‘कशालाही चालते’ म्हणून दिलेली पिशवी तक्रार घेऊन परत येते आणि येताना शेजारणीचेही मत बिघडवून येते.

कापड कोरे घ्यावे, म्हणजे मागावरून उतरलेले, न धुतलेले, विरंजन न केलेले. पांढऱ्या शुभ्र कापडावर विरंजकाची आणि बहुधा चमक आणणाऱ्या द्रव्यांची प्रक्रिया झालेली असते. मलमल पानाच्या चहाला पुरते. बारीक द्रव्यांसाठी थोडी दाट वीण पाहावी. दुकानदार सुती म्हणून देईल, पण खात्री आपण करावी. दोन-चार धागे उसवून चिमट्यात धरावे व मेणबत्तीवर जाळावे. सुताला जळत्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. हीच परीक्षा शिवण्याच्या दोऱ्यालाही लावावी. येथे अनेकजणी फसतात. कापड निवडून सुती आणतात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या पॉलिएस्टरच्या रिळाने शिवतात. मग प्लास्टिक टाळले असे म्हणण्याला अर्थ काय उरला? दोरा सुती, नाडी सुती, आणि नाडीच्या टोकाला लावायची चिठ्ठी जाड कागदाची. पिना टोचू नयेत. धातूच्या पिनांनी बंद केलेल्या चहाच्या पिशव्या देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्येच थांबवायला लावल्या, कारण सुटलेली पीन पेल्यातून पोटात जाऊ शकते.

कोरे कापड तसेच कोरे मात्र शिवू नये. विणताना ताण्याला खळ लावलेली असते आणि कापसाच्या तंतूवर जन्मतः मेणाचा थर असतो. ही दोन्ही निघाली नाहीत तर पहिल्या पेल्याला पिठूळ चव येते आणि पाणी कापडातून आत शिरण्यास वेळ लागतो. कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी खळखळून धुवावे, आणि नंतर एका मीटरला पाच-सहा लिटर पाणी व दोन लहान चमचे धुण्याचा सोडा या बेताने तासभर उकळावे. भांडे स्टीलचे घ्यावे; अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. पाणी पिवळसर, तपकिरी झालेले दिसेल. ते ओतून कापड दोनदा स्वच्छ पाण्यात उकळावे व उन्हात वाळवावे. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला असता तो तत्काळ शोषला गेला, तर मेण निघाले असे समजावे. आयोडीनचा थेंब निळा झाला, तर खळ अजून आहे. एवढ्या दोन चाचण्या प्रत्येक गठ्ठ्याच्या एका टोकावर कराव्या. त्यांना खर्च काहीच नाही. उकळल्याने कापड आटते, म्हणून बेतणे नेहमी धुतल्यानंतर. जी भगिनी आधी कापून मग धुते तिच्या पिशव्या आकाराला कधी सारख्या होत नाहीत.

बेतण्याचा एक हिशेब देतो. बाजारात मलमलीचा पन्हा साधारण ११० सेंटिमीटर असतो. मीटरभर कापड धुऊन, आटून १०५ बाय ९५ सेंटिमीटर उरले असे धरू. एका पिशवीला २७ बाय ११ सेंटिमीटरचा तुकडा तळाशी दुमडून घेतला, की तयार पिशवी सुमारे ८ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच होते. वरचे उरलेले कापड नेफ्याला जाते. असे २७ तुकडे सरळ निघतात, आणि काठाला उरणाऱ्या पट्टीत आडवे आणखी ३, एकूण ३०. शिवण दुहेरी असावी : प्रथम सुलट बाजूने टीप मारून, पिशवी उलटून, कड आत कोंडून पुन्हा टीप. एकेरी शिवणीचे सुटे धागे पेल्यात तरंगतात, आणि दहाव्या धुण्याला कड उसवते. नेफ्यातून नाडी ओवून दोन्ही टोके एका गाठीत बांधावी. पिशवी मोठी वाटेल; ती तशीच असावी. एका पेल्याला चहा लागतो दोन ग्रॅमच्या आसपास, परंतु पान भिजून कित्येक पट फुगते व त्याला हालचालीला जागा लागते.

आता खर्च. पुढील दर केवळ उदाहरणाचे आहेत; आपल्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा करावा. कापड १२० रुपये मीटर धरले तर पिशवीमागे ४ रुपये. दोरा, नाडी, सोडा, इंधन मिळून २ रुपये. हात बसल्यावर एक पिशवी १२ मिनिटांत होते असे धरू, म्हणजे तासाला ५. आणि आपल्या तासाचे मोल ६० रुपये लावले तर मजुरी १२ रुपये. मजुरी लावायचीच! ‘वेळ काय, घरचाच’ असे म्हणून ती सोडून देणाऱ्या भगिनी स्वतःला फुकट राबवतात आणि वर नफा झाला असे समजतात. वेष्टन व चिठ्ठी २ रुपये, बिघाड २ रुपये. एकूण २२. चार पिशव्यांच्या पुडक्याला ८८ रुपये पडले. प्रदर्शनात स्वतः विकल्यास जागेचे भाडे व जाण्यायेण्याचा खर्च पुडक्यामागे १२ रुपये धरून शंभर, आणि किंमत १४० ठेवली तर ४० रुपये उरतात. तेच पुडके दुकानात ठेवले आणि दुकानदाराने शेकडा ३० मागितले, तर आपल्या हाती येतात ९८, आणि उरतात केवळ १०.

इथवर सर्व ठीक आहे. आता तो पेच. स्वतः विकलेल्या पुडक्यामागे मजुरीचे ४८ आणि नफ्याचे ४० असे ८८ रुपये घरात येतात. महिना सहा हजारांची मिळकत हवी असेल तर सुमारे ६८ पुडकी विकली पाहिजेत. ६८ पुडकी म्हणजे २७२ पिशव्या, म्हणजे साधारण ५४ तास. रोज दुपारचे दोन तास बसले तर २७ दिवसांत काम उरकते. शिवणे जमते. परंतु दरमहा ६८ पुडकी म्हणजे वर्षाला आठशेहून अधिक घरे, आणि तीही प्रत्येक वेळी नवी. कारण ज्या घराने चार पिशव्या नेल्या त्याला पुढे कित्येक महिने पाचवीची गरजच पडत नाही. कागदी पिशवीचा कारखानदार रोज फेकल्या जाणाऱ्या पिशवीवर जगतो. आपण टिकाऊ वस्तू करतो, आणि ती जितकी चांगली करू तितके गिऱ्हाईक उशिरा परत येते. पुष्कळ ठिकाणी हा उद्योग दिवाळीत धडाक्याने सुरू होऊन संक्रांतीपर्यंत थंडावतो तो यामुळे. ओळखीतली घरे संपतात.

यावर कोणी पिशवी मुद्दाम कच्ची शिवावी असे सुचवील, तर तो सल्ला ऐकू नये. उपाय दुसरा आहे : पिशवी एकदा विकावी आणि तिच्यात घालायचे द्रव्य दरमहा विकावे. गवती चहाचे उदाहरण घ्या. वाळलेल्या पातीचे दीड ग्रॅम एका पेल्याला पुरतात. ५० ग्रॅमच्या पुडीत ३३ पेले होतात, म्हणजे रोज एक पेला पिणाऱ्याला महिनाभर. शंभर घरांनी पिशव्या घेतल्या आणि त्यांतील चाळीस घरे दरमहा पुडी नेऊ लागली, तर धंदा उभा राहिला असे समजावे. गवती चहा परसात, कुंडीतही होतो. पात धुऊन, पाणी निथळून, कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात तिचा सुगंध उडतो. साधारण चार किलो ओल्या पातीची एक किलो वाळकी होते. मुठीत चुरगळता ती कडकन मोडली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे आणि डब्यात बुरशी येणार.

मात्र येथे आपण शिवणकामातून निघून खाद्यपदार्थांच्या राज्यात शिरतो. रिकामी पिशवी हे अन्न नव्हे. भरलेली पुडी अन्न आहे, आणि तिला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उलाढालीला साधी नोंदणी व मोठ्या उलाढालीला परवाना, अशी व्यवस्था आहे; मिळालेला चौदा आकडी क्रमांक वेष्टनावर छापायचा असतो. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे करणाराचे नाव व पत्ता, वजन किंवा संख्या, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हेही लिहावे लागते. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून आहे. तिला शुल्क नाही, तेव्हा ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. आणि सर्दी, मधुमेह, रक्तदाब बरा होतो असे वेष्टनावर लिहू नये. ते बेकायदेशीर आहे, आणि खरेही नाही.

एक गंमतीची अडचण भाषेची आहे. चहाच्या झाडापासून न झालेल्या पेयाला ‘चहा’ म्हणून विकू नये, असे प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. आता मराठीत त्या गवताचे नावच गवती चहा! तेव्हा वेष्टनावर ‘लेमनग्रासची वाळलेली पात, पेयासाठी’ असे छापावे आणि तोंडाने हवे ते म्हणावे.

शब्दाची दुसरी अडचण गंमतीची नाही. भाषांतराचे काम करणाऱ्याला इंग्रजीतील ऑरगॅनिक या शब्दासाठी मराठीत सेंद्रिय आणि हिंदीत जैविक लिहिणे हा रोजचा व्यवहार आहे. कागदावर तो शब्द लिहायला क्षणही लागत नाही. बाजारात मात्र त्याला पुरावा लागतो. कापूस निसर्गात होतो म्हणून प्रत्येक सुती पिशवी सेंद्रिय ठरत नाही. रासायनिक खते व कीटकनाशकांवाचून पिकवलेल्या कापसाचीच ती ठरते. तयार कापडासाठी जगभर चालणारे ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र तर सरकी काढण्यापासून शिलाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला असावे लागते. प्रमाणित कापड आणून आपण घरी शिवले, तरी त्या संस्थेचे चिन्ह आपल्या पिशवीवर छापता येत नाही. खाद्यपदार्थांसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. ‘राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रम’ किंवा शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची तपासणी करून द्यायची सहभागी हमी, यांपैकी एका व्यवस्थेखाली माल प्रमाणित असला तरच ‘जैविक भारत’ हे चिन्ह लावता येते. स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सूट आहे, परंतु ती चिन्ह लावण्याची नव्हे. आणि दुसऱ्याचा माल आणून भरणाऱ्याला तर ही सूट नाहीच. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या पोकळ दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २०२४ मध्ये आली आहेत.

मग काय लिहावे? जे खरे आहे ते. ‘कोरे सुती कापड. सुती दोरा. रंग नाही, विरंजन नाही. दुधाच्या चहासाठी नाही.’ चिठ्ठीच्या पाठीवर वापरण्याची रीत छापावी : वापरताच उलटी करून चोथा झाडावा, साध्या पाण्यात धुवावी, साबण लावू नये, कारण त्याचा सुवास पुढच्या पेल्यात उतरतो, आठवड्यातून एकदा चमचाभर खाण्याच्या सोड्यात उकळावी, पूर्ण वाळल्यावाचून डब्यात ठेवू नये. आणि आवर्जून लिहावे, की पिशवी काही दिवसांतच तपकिरी होईल, हा चहाचा रंग आहे, मळ नव्हे. हे एक वाक्य नसल्यामुळे चांगल्या पिशव्या कचऱ्यात जातात.

विक्रीसाठी किराणा दुकानाच्या फळीपेक्षा जेथे एक घोट चाखवता येईल अशी जागा बरी. मुंबईत दरवर्षी भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ बचत गटांसाठीच असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना तेथील महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव व दिवाळीचे बाजार जवळचे. काचेच्या पेल्यात पिशवी सोडून रंग उतरताना दाखवला, की फार बोलावे लागत नाही. दिवाळीच्या भेटींसाठी एखाद्या कार्यालयाने आठ दिवसांत दोनशे पुडकी मागितली, तर मोहात पडून एकटीने होकार देऊ नये. आठशे पिशव्या म्हणजे १६० तास. पाच-सहा जणी एका मापाने, एकाच दोऱ्याने शिवणाऱ्या असतील तरच असे काम घ्यावे, आणि अर्धे पैसे आधी.

ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी कर्ज काढू नये, यंत्र नवे घेऊ नये. एक मीटर कापड आणावे. निघालेल्या तीस पिशव्यांतील वीस, दोन-दोन करून दहा घरी द्याव्या, सोबत एकेक पुडी. त्यांत निम्मी तरी घरे नात्यातली नसावी. नातेवाईक खरे सांगत नाहीत. महिन्याने त्या पिशव्या पाहण्यास मागाव्या : कोणती शिवण सुटली, कोठे नाडी तुटली, कोणत्या पिशवीला वास येतो, आणि कोणती एकदाही पाण्यात पडलेली दिसत नाही. त्या दहांपैकी किती घरे पुढची पुडी विकत मागतात, हे मोजून मगच दुसरे मीटर आणावे.